विश्लेषण : ‘कार्बन-तटस्थ’ फिलिप्सचा हिशेब आणि रुग्णालयातील विजेचे मीटर

एमआरआय, सीटी स्कॅन, क्ष-किरण आणि अल्ट्रासाउंडची यंत्रे बनवणाऱ्या नेदरलँड्समधील फिलिप्स या कंपनीने २०२० मध्ये आपला स्वतःचा कारभार कार्बन-तटस्थ झाल्याचे जाहीर केले. वैद्यकीय तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील हवामानविषयक वचनांचा विषय निघाला की या कंपनीचे उदाहरण बहुतेक वेळा पहिल्यांदा दिले जाते. घोषणा खोटी नाही. पण तिचा नेमका अर्थ समजून घ्यायचा तर कारखान्याच्या फाटकापाशी थांबून चालत नाही. कंपनीने विकलेले यंत्र पुढे दहा-बारा वर्षे कोणत्या रुग्णालयात चालते, तेथील वीज कशापासून तयार होते आणि आयुष्य संपल्यावर त्या यंत्राचे काय होते, इथपर्यंत हा हिशेब जातो. त्यातला मोठा भाग आपल्यासारख्या खरेदीदार समाजांच्या अंगणात घडतो, म्हणून त्याची माहिती असणे अगत्याचे आहे.

आरोग्यसेवेचा हवामानाशी संबंध काय?

रुग्णालय म्हटले की धुराडी डोळ्यांसमोर येत नाहीत. तरीही वीज, वातानुकूलन, औषधे, एकदा वापरून टाकायच्या वस्तू, भूल देण्याचे वायू आणि अवजड यंत्रे यांची बेरीज केली तर आरोग्यसेवा हे उत्सर्जनाचे मोठे क्षेत्र ठरते. ‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ ही संस्था आणि ‘आरुप’ ही अभियांत्रिकी सल्लागार कंपनी यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगाच्या निव्वळ हरितगृह वायू उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा ४.४ टक्के आहे. जगातील आरोग्यसेवा हा एक देश मानला, तर उत्सर्जनात तो पाचव्या क्रमांकावर येईल, असे त्या अहवालात म्हटले होते. भारताच्या आरोग्यसेवेचे एकूण उत्सर्जन मोठे असले, तरी दरडोई हिशेबात ते फारच कमी असल्याचेही त्यात नमूद होते.

त्याच अहवालातील दुसरी टक्केवारी अधिक बोलकी आहे. आरोग्यसेवेच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७१ टक्के भाग पुरवठा साखळीतून, म्हणजे रुग्णालये जे विकत घेतात त्याच्या उत्पादनातून, वाहतुकीतून, वापरातून आणि विल्हेवाटीतून येतो. रुग्णालयाने गच्चीवर सौर पॅनेल बसवले, दिवे बदलले, तरी हा भाग त्याच्या हातात पूर्णपणे येत नाही. त्यासाठी पुरवठादार कंपन्यांनाच प्रश्न विचारावे लागतात. वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांची हवामानविषयक वचने चर्चेत आली ती या कारणाने.

दिव्याच्या कारखान्यापासून एमआरआयपर्यंत

फिलिप्सची स्थापना १८९१ मध्ये आइंडहोव्हन या डच शहरात झाली. जेरार्ड फिलिप्स आणि त्यांचे वडील फ्रेडरिक यांनी सुरू केलेल्या या कारखान्यात सुरुवातीला विजेचे दिवे तयार होत. काचेच्या नळीतून हवा काढून घेण्याच्या त्याच कौशल्यातून कंपनी क्ष-किरण नळ्यांकडे वळली आणि १९१८ पासून वैद्यकीय क्ष-किरण नळ्या तयार करू लागली. पुढे रेडिओ, दूरचित्रवाणी संच, कॅसेट आणि सीडी यांमुळे हे नाव भारतातही घरोघरी पोहोचले.

गेल्या दशकात मात्र कंपनीने आपला व्याप जाणीवपूर्वक आखडता घेतला. दिव्यांचा व्यवसाय २०१६ मध्ये वेगळा होऊन शेअर बाजारात आला. २०१८ पासून तो ‘सिग्निफाय’ या नावाने ओळखला जातो. इस्त्री, मिक्सर यांसारख्या घरगुती उपकरणांचा व्यवसाय २०२१ मध्ये विकण्यात आला. आता दाढीची यंत्रे, विजेवर चालणारे दात घासण्याचे ब्रश यांसारखी वैयक्तिक निगेची साधने सोडली, तर उरलेला मुख्य व्यवसाय वैद्यकीय आहे. पुण्याजवळच्या चाकण येथेही कंपनीचा कारखाना असून तेथे शस्त्रक्रियागृहात वापरली जाणारी सी-आर्म क्ष-किरण यंत्रे आणि हृदयविकार तपासणीच्या कॅथलॅब यंत्रणा तयार होतात.

तीन कक्षांचा हिशेब

कंपन्यांचे उत्सर्जन मोजण्याची सर्वमान्य पद्धत ‘ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल’ या नावाने ओळखली जाते. तिची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आली. तिच्यात उत्सर्जनाचे तीन भाग केले आहेत. त्यांना ‘स्कोप’ म्हणतात, आपण कक्षा म्हणू.

पहिल्या कक्षेत कंपनीने स्वतः जाळलेले इंधन येते : कारखान्यातील बॉयलर, जनरेटर, कंपनीच्या मालकीच्या गाड्या. दुसऱ्या कक्षेत विकत घेतलेली वीज आणि उष्णता येते. तिसऱ्या कक्षेत उरलेले सगळे येते : कच्चा माल, सुटे भाग, जहाज व विमानाने होणारी वाहतूक, कर्मचाऱ्यांचा प्रवास, विकलेल्या वस्तूंचा वापर आणि शेवटी त्यांची विल्हेवाट. २०११ मध्ये ठरलेल्या मानकानुसार या कक्षेचे १५ प्रकार आहेत आणि ‘विकलेल्या उत्पादनांचा वापर’ हा त्यांतील अकरावा.

विजेवर चालणारी यंत्रे विकणाऱ्या कंपनीच्या बाबतीत हा अकरावा प्रकार बाकी सर्वांना झाकून टाकतो. यंत्र कारखान्यात जुळवायला लागणारी ऊर्जा काही आठवड्यांची असते. ते चालवायला लागणारी ऊर्जा अनेक वर्षांची. फिलिप्सच्या बाबतीतही एकूण उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा ग्राहकांकडे चालणाऱ्या उत्पादनांचाच आहे आणि पहिल्या दोन कक्षांचा वाटा त्या मानाने अगदी लहान आहे.

आता ‘कार्बन-तटस्थ’ ही घोषणा पुन्हा वाचावी. तिच्यात ‘स्वतःचा कारभार’ असे शब्द आहेत. म्हणजे कारखाने, कार्यालये, कंपनीची वाहतूक आणि प्रवास. रुग्णालयात चालणारे यंत्र त्या शब्दांत येत नाही.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवावा लागतो. ‘कार्बन-तटस्थ’ आणि ‘निव्वळ शून्य’ हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी ते एक नाहीत. कार्बन-तटस्थ होण्यासाठी कंपनी उरलेल्या उत्सर्जनाच्या बदल्यात कार्बन क्रेडिट विकत घेऊ शकते, म्हणजे दुसरीकडे झालेल्या कपातीचे किंवा वृक्षलागवडीचे प्रमाणपत्र आपल्या नावावर मांडू शकते. ‘सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केलेल्या निव्वळ शून्याच्या मानकात मात्र बहुतेक कंपन्यांना संपूर्ण मूल्यसाखळीतील उत्सर्जन ९० टक्के किंवा त्याहून अधिक प्रत्यक्ष घटवावे लागते आणि मगच उरलेल्या थोड्या भागाची भरपाई करता येते. विकत घेतलेली क्रेडिट तिथे कपात म्हणून धरली जात नाहीत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार केवळ क्रेडिटच्या आधारावर एखादे उत्पादन ‘कार्बन-तटस्थ’ असल्याची जाहिरात ग्राहकांपुढे करण्यास सप्टेंबर २०२६ पासून मनाई करण्यात आली, यावरून या शब्दाविषयीचा संशय किती वाढला आहे ते दिसते.

फिलिप्सने कोणती वचने दिली?

फिलिप्सचे श्रेय असे की ती घोषणेपाशी थांबली नाही. २०१८ मध्ये आपली उद्दिष्टे ‘सायन्स बेस्ड टार्गेट्स’ या संस्थेकडून मंजूर करून घेणारी ती आरोग्य तंत्रज्ञानातील पहिली कंपनी ठरली. जगाचे तापमान मर्यादेत राखायचे तर प्रत्येक क्षेत्राने किती कपात केली पाहिजे, या शास्त्रीय अंदाजाशी कंपनीचे उद्दिष्ट जुळते की नाही, हे ही संस्था तपासते. पुढे संपूर्ण मूल्यसाखळीची उद्दिष्टे दीड अंश सेल्सिअसच्या मर्यादेशी जुळवून घेण्यात आली.

सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने २०२५ पर्यंतची काही ठोस उद्दिष्टे मांडली. एकूण ऊर्जावापरापैकी ७५ टक्के ऊर्जा अक्षय स्रोतांतून घेणे, एकूण महसुलापैकी २५ टक्के महसूल चक्राकार पद्धतीच्या उत्पादनांतून आणि सेवांतून मिळवणे, कारखान्यांतील कचरा जमिनीत पुरण्यासाठी न पाठवणे, ही त्यांतील प्रमुख. खर्चाच्या हिशेबाने निदान निम्म्या पुरवठादारांनी स्वतःची विज्ञानाधारित उद्दिष्टे ठरवावीत, असेही कंपनीने पुढे जाहीर केले. पुरवठादारांवरचे हे बंधन महत्त्वाचे आहे, कारण यंत्रातील तांबे, पोलाद, चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक भाग दुसरेच कोणीतरी बनवत असते.

त्याच वेळी कंपनीने दुसरेही एक वचन दिले : २०३० पर्यंत दर वर्षी २५० कोटी लोकांचे जीवन सुधारणे, आणि त्यांत आरोग्यसेवेपासून वंचित असलेले ४० कोटी लोक असणे. दोन्ही वचने एकत्र ठेवली की खरा पेच दिसतो. वंचितांपर्यंत पोहोचायचे तर यंत्रे अधिक विकावी लागतील आणि ती कोळशावर वीज तयार करणाऱ्या देशांत चालतील. उत्सर्जन घटवायचे तर प्रत्येक यंत्राची वीज इतकी कमी करावी लागेल की यंत्रांची संख्या वाढूनही बेरीज उतरत जाईल. हा पेच प्रामाणिकपणे सुटतो की नाही, हीच या वचनांची कसोटी आहे.

पवनचक्की एकीकडे, कारखाना दुसरीकडे

फिलिप्सने २०२० पर्यंत आपली सर्व वीज अक्षय स्रोतांतून आणल्याचे सांगितले. ते कसे साधले, हे पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातील लॉस मिरासोलेस पवन ऊर्जा प्रकल्पाशी कंपनीने दीर्घ मुदतीचा करार केला. नेदरलँड्समध्ये झेलांड प्रांतातील क्रामर आणि बाउडोकन या पवन प्रकल्पांसाठी गूगल, अक्झोनोबेल आणि डीएसएम या कंपन्यांबरोबर एकत्र येऊन वीजखरेदीचे करार केले. फिनलंडमधील मुतकालाम्पी प्रकल्पासाठी हायनिकेन, नोबियन आणि सिग्निफाय यांच्याबरोबर असाच करार झाला.

फिनलंडसारखे करार ‘आभासी’ वीजखरेदीचे असतात. त्या पवनचक्कीची वीज प्रत्यक्षात कंपनीच्या कारखान्यापर्यंत येत नाही. कंपनी प्रकल्पाला ठरावीक दराची हमी देते. बाजारभाव त्याहून उतरला तर फरक भरते, चढला तर फरक मिळवते, आणि मोबदल्यात अक्षय ऊर्जेची प्रमाणपत्रे घेते. हमी असल्याने बँका प्रकल्पाला कर्ज देतात आणि एरवी उभी राहिली नसती अशी पवनचक्की उभी राहू शकते. बाजारातून सुटी प्रमाणपत्रे उचलण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ चांगला, असे जाणकार मानतात.

तरीही हिशेबात एक बारकावा राहतो. दुसऱ्या कक्षेचे उत्सर्जन दोन पद्धतींनी मांडता येते. करार आणि प्रमाणपत्रे लक्षात घेऊन केलेल्या ‘बाजाराधारित’ मांडणीत ते शून्यापर्यंत उतरू शकते. कारखाना ज्या वीजजाळ्याला जोडलेला आहे त्या जाळ्याच्या सरासरीवरून केलेल्या ‘स्थानाधारित’ मांडणीत तसे होत नाही. दोन्ही आकडे जाहीर करावेत, असे मानक सांगते. कोणत्याही कंपनीचा अहवाल वाचताना ठळक छापलेला आकडा या दोहोंपैकी कोणता, हे आधी पाहावे.

बंद असतानाही वीज खाणारे यंत्र

आता रुग्णालयात येऊ. एमआरआय यंत्राचा गाभा म्हणजे अतिसंवाहक चुंबक. त्यातील तारांची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअस इतक्या तापमानाला ठेवली, की त्यांचा विद्युत विरोध नाहीसा होतो आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्र टिकून राहते. हे तापमान राखण्यासाठी शीतकरणाचा कॉम्प्रेसर दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. शेवटचा रुग्ण गेला, तंत्रज्ञाने दिवे मालवले, तरी कॉम्प्रेसर चालतच असतो.

स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठ रुग्णालयात तीन सीटी आणि चार एमआरआय यंत्रांची वीज वर्षभर मोजण्यात आली. २०२० मध्ये ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार शीतकरण यंत्रणांची वीज वगळता या सात यंत्रांनी २०१५ या वर्षात सुमारे ६ लाख १५ हजार युनिट वीज वापरली. एमआरआयच्या विजेपैकी सुमारे एक तृतीयांश यंत्र ‘बंद’ असताना खर्च झाली होती. सीटी यंत्रांच्या बाबतीत, रुग्ण टेबलावर नसताना यंत्र नुसते सज्ज ठेवण्यात विजेचा मोठा वाटा गेला होता. म्हणजे कोणत्याही रुग्णाचे नुकसान न होता वाचवता येईल अशी वीज तेथे होती. काही रुग्णालये रात्री सीटी यंत्रे सज्ज ठेवण्याऐवजी पूर्ण बंद करू लागली, ती अशाच मोजमापांनंतर.

फिलिप्सने २०१८ मध्ये बाजारात आणलेल्या ‘ब्लूसील’ चुंबकाची चर्चा या संदर्भात नेहमी होते. नेहमीच्या एमआरआय चुंबकात सुमारे १,५०० लिटर द्रव हेलियम असतो. या बंदिस्त चुंबकात तो ७ लिटरच लागतो आणि नंतर भरावा लागत नाही. चुंबक अचानक तापून हेलियम उडून गेल्यास तो इमारतीबाहेर नेणारी मोठी नळीही लागत नाही, त्यामुळे यंत्र वरच्या मजल्यावर किंवा जुन्या इमारतीत बसवणे सोपे जाते. हेलियम हा नैसर्गिक वायूच्या खाणींतून मिळणारा दुर्मीळ वायू असल्याने ही सुधारणा मोलाची आहे. पण हेलियम हा हरितगृह वायू नाही. ‘हेलियममुक्त’ या शब्दावरून यंत्र उत्सर्जनमुक्त झाले, असा समज करून घेऊ नये. त्याचा विजेचा आकडा वेगळा विचारावा लागतो.

एकच यंत्र, दोन देश, दोन हिशेब

समजा, एखादे एमआरआय यंत्र शीतकरणासह वर्षाला १ लाख युनिट वीज घेते. भारतीय वीजजाळ्यात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वर्षाला ७० टन आणि दहा वर्षांत ७०० टन. नॉर्वेत, जेथे जवळपास सगळी वीज जलविद्युत प्रकल्पांतून येते, तेच यंत्र याच्या किरकोळ अंशाइतकेच उत्सर्जन करील. यंत्र तेच, डॉक्टरांचे कौशल्य तेच, फरक वीजजाळ्याचा.

गोव्याकडे स्वतःचे मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. राज्याला लागणारी वीज मुख्यतः केंद्रीय प्रकल्पांतून येते आणि त्यांत छत्तीसगडमधील कोरबा व मध्य प्रदेशातील विंध्याचल या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांचा मोठा वाटा असतो. त्यामुळे पणजी किंवा मडगावच्या एखाद्या रुग्णालयातील यंत्राचा धूर गोव्याच्या आकाशात दिसत नाही. तो कोरब्याच्या आकाशात जातो आणि त्याची राख तेथील गावांवर पडते.

कंपनीच्या हिशेबात हे कसे बसते? मानकानुसार, एखाद्या वर्षी विकलेल्या यंत्राच्या पूर्ण आयुष्यातील अंदाजित उत्सर्जन त्याच वर्षाच्या खात्यात धरावे लागते. त्यासाठी यंत्र किती वर्षे चालेल, दिवसाला किती तपासण्या होतील आणि त्या देशाची वीज कशी असेल, याची गृहीतके ठरवावी लागतात. यंत्राचे आयुष्य दहाऐवजी आठ वर्षे धरले, तरी आकडा पाचव्या हिश्श्याने उतरतो. म्हणून तिसऱ्या कक्षेतील घट वाचताना प्रश्न असा की, यंत्र खरोखर कमी वीज घेऊ लागले, देशोदेशीची वीज स्वच्छ झाली, की गृहीतक बदलले? पहिले श्रेय कंपनीचे, दुसरे त्या त्या देशांचे, आणि तिसऱ्यात श्रेयाचा प्रश्नच येत नाही.

व्यवसाय विकला की उत्सर्जन घटते?

दिवे आणि घरगुती उपकरणे या दोन्ही व्यवसायांचे वैशिष्ट्य असे की त्यांची उत्पादने ग्राहकांच्या घरी भरपूर वीज घेतात. हे व्यवसाय वेगळे झाले, तेव्हा त्यांचे वापरातील उत्सर्जनही फिलिप्सच्या खात्यातून निघाले. जगातल्या इस्त्र्या मात्र पूर्वीइतकीच वीज घेत राहिल्या. फक्त त्यांची नोंद दुसऱ्या कंपनीच्या वहीत होऊ लागली.

यावर मानकात उपाय आहे. व्यवसाय विकला किंवा घेतला, तर पायाभूत वर्षाचा आकडाही नव्या व्याप्तीनुसार पुन्हा काढावा लागतो, म्हणजे सारख्याची सारख्याशी तुलना होते. अहवालातील ‘पायाभूत वर्ष’ या शब्दामागची तळटीप एवढ्यासाठी वाचायची असते. पायाभूत वर्षाचा आकडा दुरुस्त न करता ‘दहा वर्षांत इतकी घट’ असे सांगणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या दाव्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

जुन्या यंत्रांचे काय?

जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे फिलिप्सचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी फ्रान्स व्हॅन हाउटेन यांनी २०२५ पर्यंत आपली मोठी वैद्यकीय यंत्रे वापरानंतर परत घेण्याची आणि त्यांचा जबाबदारीने पुनर्वापर करण्याची हमी दिली. परत घेतलेले यंत्र दुरुस्त करून, नवे सॉफ्टवेअर घालून पुन्हा विकले जाते. ते शक्य नसेल तर त्याचे सुटे भाग वापरले जातात. एमआरआयचा चुंबक तसाच ठेवून भोवतालची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बदलली, तरी पोलाद, तांबे आणि अतिसंवाहक तारा यांची मोठी बचत होते.

भारतात मात्र हा प्रश्न सरळ नाही. विकसित देशांतील वापरलेली यंत्रे येथे आणण्यावर कडक निर्बंध आहेत आणि त्यावरून वाद चालू आहे. दुरुस्त केलेली यंत्रे स्वस्त असल्याने लहान शहरांतील रुग्णालयांना ती परवडतात, असे एक बाजू म्हणते. अशाने भारत टाकाऊ यंत्रांचे कोठार बनेल आणि देशी उत्पादकांचे नुकसान होईल, असे दुसरी बाजू म्हणते. हवामानाच्या दृष्टीने पाहिले तर उत्तर यंत्रागणिक बदलते : जुने यंत्र वाचवल्याने कच्चा माल वाचतो, पण ते नव्यापेक्षा बरीच जास्त वीज घेत असेल, तर ती बचत काही वर्षांतच धुऊन निघते.

देशातच वापरलेल्या यंत्रांसाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम महत्त्वाचे आहेत. त्यांच्या यादीत वैद्यकीय उपकरणांचा समावेश असून शरीरात बसवलेली आणि संसर्गदूषित उपकरणे वगळली आहेत. उत्पादकावर विस्तारित जबाबदारी टाकण्यात आल्याने जुने यंत्र भंगारवाल्याच्या हवाली करून मोकळे होण्याचे दिवस, निदान कागदावर, संपले आहेत.

गुणवत्तेचाही हवामानाशी संबंध असतो, हे फिलिप्सला जड किमतीने कळले. जून २०२१ मध्ये कंपनीने झोपेतील श्वासविकारावरची यंत्रे आणि काही श्वसनयंत्रे बाजारातून परत बोलावली. आवाज कमी करण्यासाठी त्यांत घातलेला फोम झिजून त्याचे कण श्वासावाटे जाण्याची शक्यता आढळली होती. जगभरातील लाखो यंत्रे यात सापडली आणि एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत नव्या यंत्रांच्या विक्रीवर निर्बंध घालणारा समझोता कंपनीला मान्य करावा लागला. रुग्णांचे हाल हा यातला पहिला प्रश्न. पण लाखो यंत्रे पुन्हा बनवणे, पाठवणे आणि जुनी नष्ट करणे, यांचा भार निसर्गावरही पडलाच.

खरेदीदाराने मनावर घेतले तर

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने, एनएचएसने, ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या थेट नियंत्रणाखालील उत्सर्जनासाठी २०४० आणि पुरवठा साखळीसह एकूण उत्सर्जनासाठी २०४५ हे निव्वळ शून्याचे वर्ष ठरवले. २०२२ च्या आरोग्य कायद्याने या उद्दिष्टाला कायद्याचे बळ मिळाले. एप्रिल २०२३ पासून वर्षाला ५० लाख पौंडांहून मोठ्या कंत्राटांसाठी पुरवठादारांना कार्बन कपातीचा आराखडा सादर करणे बंधनकारक झाले आणि पुढे ही अपेक्षा लहान कंत्राटांनाही टप्प्याटप्प्याने लावण्यात आली. एवढा मोठा ग्राहक अट घालतो, तेव्हा ती कंपनीच्या विक्री विभागालाही ऐकावी लागते. वैद्यकीय तंत्रज्ञान कंपन्यांच्या वचनांना धार आली त्यात अशा खरेदीदारांचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे सरकारी खरेदीत यंत्राच्या निविदेतील सर्वांत कमी दराला झुकते माप मिळते. पुढील दहा वर्षांची वीज त्या दरात धरली जात नाही. वर्षाला १ लाख युनिट घेणाऱ्या यंत्राऐवजी ७० हजार युनिट घेणारे यंत्र निवडले आणि युनिटचा दर ८ रुपये धरला, तर दहा वर्षांत २४ लाख रुपये वाचतात आणि सुमारे २१० टन उत्सर्जनही टळते. हा हिशेब निविदेतच मांडला, तर हवामानासाठी वेगळा निधी मागावा लागणार नाही.

भारतात माहिती मिळते का?

सेबीने मे २०२१ मध्ये ‘व्यवसाय दायित्व आणि शाश्वतता अहवाल’ आणला. २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना तो बंधनकारक झाला. पहिल्या दोन कक्षांचे उत्सर्जन त्यात द्यावे लागते. तिसरी कक्षा ऐच्छिक आहे. येथे दोन मर्यादा एकत्र येतात. उपकरणांच्या बाबतीत तिसरी कक्षाच सर्वांत मोठी, आणि नेमकी तीच सक्तीबाहेर. शिवाय हा नियम शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांपुरता आहे. फिलिप्स इंडिया ही कंपनी नोंदणीकृत नसल्याने तो तिला लागू होत नाही. तिची माहिती आम्सटरडॅमहून निघणाऱ्या जागतिक अहवालात मिसळून येते. त्यामुळे भारतात विकलेल्या यंत्रांचे उत्सर्जन वेगळे काढून पाहणे भारतीय वाचकाला अवघड जाते.

वचन कसे वाचावे?

कंपनी कोणतीही असो, तिच्या हवामानविषयक वचनापुढे काही साधे प्रश्न ठेवता येतात. वचन तिन्ही कक्षांचे आहे की पहिल्या दोनच? घट एकूण टनांत सांगितली आहे, की उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे? पायाभूत वर्ष कोणते, आणि विकलेले व्यवसाय त्यातून वगळले आहेत का? उद्दिष्ट त्रयस्थ संस्थेने तपासले आहे का? घटीत प्रत्यक्ष कपात किती आणि विकत घेतलेली क्रेडिट किती? रुग्णालयाच्या खरेदी समितीने यांत आणखी तीन प्रश्न घालावेत : यंत्र तपासणी करत असताना, नुसते सज्ज असताना आणि बंद असताना तासाला किती वीज घेते, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर किती वर्षे मिळत राहतील, आणि आयुष्य संपल्यावर यंत्र कोण, कोणाच्या खर्चाने नेईल?

फिलिप्सने यांतील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे देण्याची तयारी इतरांच्या आधी दाखवली, हे मान्य करायला हवे. भारतात एमआरआयची आणि सीटीची यंत्रे अजून कमी आहेत. ती वाढली पाहिजेत, तालुक्याच्या गावापर्यंत गेली पाहिजेत. हवामानाचे कारण पुढे करून रुग्णाला तपासणीवाचून ठेवणे कोणालाच मान्य होणार नाही. पण येणारे प्रत्येक यंत्र पुढील दहा वर्षांचा विजेचा करार घेऊन येते. देशाचे निव्वळ शून्याचे वर्ष २०७० आहे. आज बसवलेली यंत्रे तोवर कितीदा तरी बदललेली असतील. त्यातली पहिली निवड मात्र आताच्या निविदांमध्ये होत आहे.